शाळा कोणाची, आणि जाब कोणाला विचारायचा?

कापसाच्या पहिल्या वेच्याचे दिवस होते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन आठवडा झाला असेल. चौथीतला एक मुलगा काखेत लांबट रजिस्टर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं आमच्या वावरात आला. "काकू, सरनं सांगतलं, इथं सही करून द्या." कमरेची ओटी न सोडताच मी हात झटकले आणि सही केली. माझ्या आधी सात सह्या होत्या, दोन अंगठे होते. पानावर लिहिलं होतं, शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा. खाली सहा विषय, आणि प्रत्येकापुढे 'सर्वानुमते मंजूर'.

आईबापांच्या त्या समितीची मी सदस्य, पण त्या सभेला मी नव्हते. कोणीच नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात कापसाच्या दिवसांत सकाळी अकराची सभा ठेवली तर बाया येणार कशा? मजुरी बुडते. सरांचा हेतू वाईट होता असंही नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, वरून रोज माहिती मागणारे मेसेज. त्यांना रजिस्टर पूर्ण पाहिजे होतं. पण घरी आल्यावर मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी ते पान पुन्हा वाचलं. चौथा विषय शाळेच्या वार्षिक अनुदानाच्या खर्चाचा होता. पैसा कशावर गेला हे मला ठाऊक नव्हतं, आणि तो खर्च मला मान्य आहे अशी सही माझी होती.

तेव्हापासून दोन वर्षं मी हे प्रकरण समजून घेत आले. कायदा वाचला, पंचायत समितीत चकरा मारल्या, शिक्षकांशी बोलले. ज्यांची लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत त्या आईबापांसाठी हे लिहिते आहे.

एका शाळेचे अनेक धनी

आपण सहज म्हणतो, 'झेडपीची शाळा'. ते खरं आहे, पण अर्धंच. इमारत जिल्हा परिषदेची, शिक्षकही जिल्हा परिषदेचा कर्मचारी. त्याच्या पगाराचा पैसा मात्र राज्य सरकारकडून येतो. मुलांच्या हातातलं पुस्तक बालभारती छापते. अभ्यासक्रम, चाचण्या, शिक्षकांची प्रशिक्षणं पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ठरवते. तिला सगळे एससीईआरटी म्हणतात. शिक्षकाची बदली कोणत्या नियमानं होईल ते ग्रामविकास खातं ठरवतं, आणि तोच शिक्षक वर्गात काय शिकवेल ते शालेय शिक्षण खातं. म्हणजे माणूस एक, खाती दोन. समग्र शिक्षा योजनेतून अनुदान येतं, त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40.

हे असं का झालं, ते कळायला थोडं मागं जावं लागेल. शिक्षण हा विषय आधी राज्यांकडे होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येऊ लागले. पुढं 73 व्या घटनादुरुस्तीनं अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा 29 विषयांच्या त्या यादीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळा आहेत.

महाराष्ट्रानं मात्र त्याच्या कितीतरी आधी हे पाऊल टाकलं होतं, आणि ते टाकणारा माणूस आमच्याच जिल्ह्याचा होता. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी 1960 साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या शिफारशींवर 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा उभा राहिला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. गावच्या शाळेबद्दलचा निर्णय जिल्ह्यातच, निवडून दिलेल्या माणसांनी घ्यावा, हा त्यामागचा विचार. मला तो विचार आजही पूर्ण पटतो.

आता आजची स्थिती पाहा. अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत 2022 साली संपली. आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला, निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. शिक्षण सभापती नाही, सदस्य नाही. आपल्या गटाचा सदस्य गावात लग्नाला आला की बाया त्याला गाठून विचारायच्या, "भाऊ, शाळेचं छत कधी होते?" तो टाळाटाळ करायचा, पण निदान समोर तरी उभा असायचा. राज्य आणि गाव यांच्यामधला हा दुवा तुटला, त्याची चर्चा शहरात फारशी झाली नाही. आम्हाला मात्र तो रोज जाणवतो.

जबाबदार म्हणजे कोण

'जबाबदार' या शब्दातच 'जबाब' आहे. जो जबाब देतो तो जबाबदार. मग विचारायचं एवढंच, की शाळा जबाब कोणाला देते?

मुख्याध्यापक जबाब देतात केंद्रप्रमुखांना. केंद्रप्रमुख म्हणजे साधारण दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारा माणूस. त्यांच्या वर शिक्षण विस्तार अधिकारी, त्यांच्या वर तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ. पुढं अमरावतीचे किंवा नागपूरचे विभागीय उपसंचालक, पुण्याचं आयुक्तालय, मुंबईचं मंत्रालय. सगळा हिशेब या शिडीनं वर चढतो. किती मुलांचं आधार जुळलं, किती ताटं जेवली, किती फोटो अपलोड झाले. प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो, त्यावर शौचालयापासून संगणकापर्यंत सगळं नोंदवलेलं असतं. अलीकडे शाळांना 128 मानकांवर स्वतःचं मूल्यांकन भरावं लागतं.

मी या मोजमापाच्या विरोधात नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हाच तर कागदावरची खोटी मुलं उघडी पडली. 2025 साली नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडी, म्हणजे शिक्षकांच्या पगाराचे ऑनलाइन क्रमांक, तयार करून पगार उचलल्याचं प्रकरण बाहेर आलं. वरून तपासणी हवीच. पण वर जाणाऱ्या 128 उत्तरांपैकी एकही उत्तर माझ्या घरी येत नसेल, तर माझी तिसरीतली मुलगी जोडाक्षरं वाचताना का अडते, हे मी कोणाला विचारू? माझं म्हणणं इतकंच आहे, की शाळेचा जबाब वर जातो तसा गावाकडेही आला पाहिजे. कायद्यानं त्याची सोय केलेली आहे, आणि आम्ही ती सोय वावरात बसून सही करण्यात घालवतो.

गणवेश आणि एप्रिलची परीक्षा

कोणता निर्णय मुंबई-पुण्यात व्हावा आणि कोणता गावात, याचा अंदाज दोन उदाहरणांतून येतो.

आधी गणवेश. मोफत गणवेशाचा पैसा पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचा, दोन गणवेशांना मिळून 600 रुपये. रक्कम तुटपुंजी होती, तरी काम व्हायचं. आमच्याकडे बाजाराच्या गावचा शिंपी मोटारसायकलवर यायचा, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. ओसरीत मुलं रांगेनं उभी राहायची. पहिलीतलं पोरगं माप घेताना गुदगुल्या होऊन हसायचं, की शिंपी म्हणायचा, "उभा राय ना बाप्पा सिधा!" आणि चौथीच्या पोरींच्या फ्रॉकला खाली दोन बोटं कापड जास्त सोडायचा. वर्षभरात उंची वाढते, शिलाई उसवून फ्रॉक लांब करता येतो, हे त्याला ठाऊक होतं.

2024-25 मध्ये 'एक राज्य एक गणवेश' आलं. कापडाची खरेदी राज्य पातळीवर, शिलाई बचत गटांकडे. हेतू चांगला होता, सगळ्यांना सारखं आणि दर्जेदार कापड मिळावं. पण राज्यात कितीतरी शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापात बसले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनंच निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा समितीकडे दिली. चूक लक्षात येताच सरकारनं ती सुधारली हे चांगलंच झालं. पण फ्रॉकला दोन बोटं जास्त सोडायची अक्कल ओसरीत उभं राहिल्यावरच येते.

दुसरं उदाहरण उन्हाचं. 2025 साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळी, 8 ते 25 एप्रिल या काळात घ्याव्यात असं वेळापत्रक निघालं. कारण समजण्यासारखं होतं. परीक्षा लवकर आटोपली की मुलं शाळेत येत नाहीत, एप्रिल वाया जातो. पण चंद्रपूर-यवतमाळचा एप्रिल पुण्याच्या एप्रिलसारखा नसतो. पारा 42-43 वर जातो, पत्र्याखाली बसवत नाही, किती गावांत हापशी हवा ओढायला लागते. शाळा उघडण्याच्या बाबतीत हे सरकारला मान्य आहे. त्याच वर्षी बाकी राज्यात शाळा 16 जूनला उघडल्या आणि विदर्भात 23 जूनला. जूनमध्ये जे कळतं ते एप्रिलमध्ये का कळू नये? विदर्भातले शिक्षक आणि पालक ओरडले ते एवढ्याचसाठी.

उलट काही गोष्टी राज्याच्याच हाती हव्यात, असं मला वाटतं. शिक्षकभरतीचं घ्या. राज्याच्या पवित्र पोर्टलवरची ऑनलाइन भरती संथ आहे, पण गुणांवर आहे. ती गावपुढाऱ्यांच्या हाती दिली तर काय होईल ते सांगायला नको. पाचवीच्या मुलाला काय यायला पाहिजे, हेही गावागणिक बदलू नये. नाहीतर कोलामपोडातल्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्या, लेकराकडून कमीच अपेक्षा ठेवली जाईल.

पटसंख्येची भीती

दरवर्षी 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं तिचे निकष बदलले आणि लहान शाळांच्या पोटात गोळा आला. त्याच्या आधी, 2023 मध्ये, 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. अशा शाळा राज्यात सुमारे 15 हजार. मोठ्या शाळेत वर्गाला शिक्षक मिळेल, खेळायला सोबती मिळतील, हा मुद्दा खोटा नाही. पाच मुलांच्या वर्गात पोरगं कंटाळतं हे मी पाहिलं आहे.

पण नियम असा आहे की पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. हे अंतर आमच्याकडे पावसाळ्यात नाला ठरवतो. पूर आला की अर्धा किलोमीटरही पार होत नाही. मुलाला कसंही पाठवतील, मुलीला घरी ठेवतील. म्हणून शाळा बंद करण्याचा किंवा जोडण्याचा विषय निघाला तर तो ग्रामसभेत, तोही बायांच्या समोर आला पाहिजे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा भरते. तिथं शाळेवर ठराव घेता येतो.

ग्रामसभेच्या अधिकाराची हद्द कुठवर, हेही विदर्भातच तपासलं जातं आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण विभागानं ती अनधिकृत ठरवली आणि वाद नागपूर खंडपीठापर्यंत गेला. लेकराला घरच्या भाषेत शिकवायला गावानं परवानगी मागत बसावं, हे मला मनापासून खुपतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्येही, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे.

आपल्या हातात काय आहे

2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 नुसार शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान 75 टक्के सदस्य आईबाप असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. अध्यक्ष पालकांपैकीच, मुख्याध्यापक सचिव. समितीचं काम शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं. संस्थेच्या अनुदानित शाळेत तुमचं मूल असेल, तर एक फरक ध्यानात ठेवा. 2012 च्या दुरुस्तीनंतर तिथली समिती फक्त सल्ला देऊ शकते. झेडपीच्या शाळेत तिला खरे अधिकार आहेत.

आराखडा ऐकायला अवघड वाटतो, पण तो आपल्याच गरजांची यादी आहे. तीन वर्षांत शाळेला किती मुलं, किती शिक्षक, किती खोल्या आणि किती पैसा लागेल, ते त्यात लिहायचं. आमच्या शाळेचा आराखडा काढून पाहिला तर मागच्या वर्षीचाच होता, फक्त वरचं साल बदललेलं.

पैशाचं सांगते. 31 ते 100 पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षेतून वर्षाला 25 हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मंजूर असतं. त्यात खडू, वीज बिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं. हिशेब पाहायला मागितला तेव्हा सर सुरुवातीला कसनुसे झाले. मग कपाटातून पावत्यांची पिशवी काढून त्यांनी टेबलावर उलटी केली. सगळ्या पावत्या होत्या. उलट वीज बिलाचे काही पैसे त्यांनी पदरचे भरले होते. विचारलं नसतं तर आयुष्यभर मनात संशय राहिला असता, आणि त्यांच्या मनात राग.

कलम 24 तर प्रत्येक आईनं पाठ करावं. मुलाची हजेरी किती, शिकण्याची क्षमता कशी, प्रगती किती, हे पालकांना नियमित सभा घेऊन सांगणं शिक्षकाचं कर्तव्य आहे. त्यामुळे 'माझी मुलगी वाचते का' हा प्रश्न विचारणं म्हणजे मास्तरांचा अपमान नाही. आमच्या गावात बाया म्हणतात, "आमाले काय समजते त्यातलं?" तपासायला शिकलेलं असावं लागत नाही. दुसरीच्या पुस्तकातला उतारा तिसरीतल्या मुलीपुढे ठेवा. ती अडखळते की सरळ वाचते, ते ऐकून कळतं. निपुण भारत योजनेचं उद्दिष्टही हेच आहे, की तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत.

मात्र ज्याच्या हातात जे नाही ते त्याच्याकडे मागू नये. वाचन, गृहपाठ, हजेरी, मारहाण, पोषण आहार, हे मुख्याध्यापकांना आणि समितीत विचारायचं. शिक्षकच येत नसेल तर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. गळकं छत आणि रिकामं पद जिल्हा परिषदेकडे. परीक्षेची तारीख किंवा भरती थांबली असेल तर तो प्रश्न आमदारांना. शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही, हे कलम 27 आहे. त्यासाठी तर आपण शिक्षकाच्या बाजूनं उभं राहायला पाहिजे.

आणि तोंडी बोलून भागलं नाही तर कलम 32. स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे खेड्यात मुख्यतः जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार द्यायची. तिचा निकाल त्यांनी तीन महिन्यांत द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज कोणी दिलाच नव्हता असं होतं.

आमची सभा आता संध्याकाळी साडेसातला होते, स्वयंपाक उरकल्यावर. शाळेच्या ओसरीत सतरंजी, वर एक बल्ब. सर मुक्कामी नसतात, तरी त्या दिवशी थांबतात, आणि कोणाच्या तरी घरी त्यांचं जेवण होतं. पहिल्या सभेला पाच बाया आल्या, मागच्या महिन्यात चौदा. माझ्या जाऊबाईंनी तीस वर्षांत कधी शाळेत तोंड उघडलं नव्हतं. त्या उठून म्हणाल्या, "सर, तीन मास्तरची जागा हाये तं दोनच काहून?" सर म्हणाले, "ताई, मीबी तेच विचारतो." कलम 26 नुसार मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदं रिकामी ठेवता येत नाहीत. तीनपैकी एक रिकामं म्हणजे तेहतीस टक्के. तिथंच ठराव लिहिला, अक्षर माझं, सूचक जाऊबाई. सह्या सतरंजीवरच झाल्या, आणि प्रत्येकीनं आधी वाचून घेतलं, जिला वाचता येत नाही तिला शेजारणीनं वाचून दाखवलं.

अर्ज पंचायत समितीत दिला. माझ्याकडच्या प्रतीवर गोल शिक्का आहे, तारीख 12 जानेवारी. तीन महिने 12 एप्रिलला पूर्ण होतात. ती तारीख आम्ही ओसरीतल्या भिंतीवर, फळ्याशेजारी, खडूनं लिहून ठेवली आहे.